जुन्या अँबॅसिडरचा मागचा ॲक्सल बदलावा का?

उत्तर-दक्षिण जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ आणि पूर्व-पश्चिम जाणारा महामार्ग २७ झाशीजवळ एकमेकांना मिळतात. ग्वाल्हेरचा सुमारे शंभर किलोमीटरचा रस्ता आता चौपदरी आहे. त्या रस्त्यावर जुनी अँबॅसिडर ताशी ८० ला आणली की इंजिन ओरडू लागते, आणि मालकाच्या मनात विचार येतो: एखाद्या नव्या गाडीचा अख्खा ॲक्सल बसवला तर? माझे मत स्पष्ट आहे. ॲक्सल आधी नीट दुरुस्त करावा. पुरा बदलणे बहुतेक गाड्यांना अपायकारकच ठरते.

आधी हिशेब पाहू. समजा क्राऊन-पिनियनचे प्रमाण ४.३ आहे आणि टायरचा घेर १.८५ मीटर. मग ताशी ८० ला, टॉप गिअरमध्ये, इंजिन मिनिटाला सुमारे ३१०० फेरे घेईल. प्रमाण ३.९ केले तर फेरे २८०० च्या आसपास येतील. आवाज कमी होईल, कदाचित पेट्रोलही वाचेल. पण चाकांना मिळणारा जोरही त्याच नऊ टक्क्यांनी घटतो. मूळ १४८९ सीसीचे पेट्रोल इंजिन जेमतेम पन्नास अश्वशक्तीचे; मे महिन्याच्या उन्हात, पाच माणसे घेऊन एखादा चढ चढताना ती नऊ टक्के जाणवतात आणि क्लच त्याची किंमत मोजतो. आणखी एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. स्पीडोमीटरची केबल गिअरबॉक्समधून निघते. प्रमाण बदलल्यावर गाडी ८० ने धावत असताना काटा ७३ च्या जवळ राहील. काटा दुरुस्त न करता महामार्गावर जाणे धोक्याचे आहे.

यावर एक वजनदार आक्षेप आहे: मे २०१४ मध्ये उत्तरपाड्याच्या कारखान्यात अँबॅसिडरचे उत्पादन थांबले, मग सुटे भाग मिळणार कुठून? भाग दुर्मीळ झाले, हे खरे. म्हणूनच नीट निदान व्हायला हवे. ॲक्सिलरेटर सोडताच आवाज बदलला तर दोष बहुधा क्राऊन-पिनियनमध्ये. वळणावर बदलला तर चाकाच्या बेअरिंगमध्ये. ब्रेकच्या ड्रमात तेल आले तर दोष बहुधा ऑइल सीलचा. यांपैकी कशासाठीही ॲक्सलचे हाऊसिंग बदलावे लागत नाही. सीलची किंमत किरकोळ, बेअरिंग मापावर मिळते. आणि डिफरन्शिअलमध्ये योग्य हायपॉइड तेलच घालावे, इंजिनाचे नव्हे. इसुझूचे १.८ लिटरचे इंजिन बसवलेल्या गाडीचा प्रश्न वेगळा आहे. तिथे जोर जास्त आणि पाचवा गिअरही आहे, त्यामुळे ३.९ सारख्या प्रमाणाचा विचार करता येतो, पण तोही त्याच हाऊसिंगमध्ये.

परका ॲक्सल आला की त्याची रुंदी, प्रोपेलर शाफ्टची लांबी, हँडब्रेकची केबल आणि पाट्यांच्या स्प्रिंगच्या बैठका हे सगळे जुळवावे लागते. अँबॅसिडरला वेगळी चासी नाही, बॉडी हाच सांगाडा. कॉइल स्प्रिंगवाला ॲक्सल घालायचा तर ब्रॅकेट थेट बॉडीला वेल्ड करावे लागतात. पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांच्या व्हिंटेज नोंदणीचे २०२१ चे नियम चासी, बॉडी आणि इंजिनात फेरफार झालेली गाडी स्वीकारत नाहीत. शिवाय गाडीतल्या बदलांवर मर्यादा घालणाऱ्या मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ चा प्रश्न उरतोच. ‘पण ब्रेक तरी सुधारतील’ असे म्हणणाऱ्यांनी हे पाहावे की ब्रेक लावताना वजन पुढे झुकते, म्हणून सुधारणा पुढच्या चाकांपासून सुरू व्हायला हवी.

झाशीतल्या ज्या मालकांकडे अशी गाडी आहे, त्यांनी या दिवाळीत एवढे करावे: मागची चाके उचलून पिनियनचा ढिलेपणा तपासावा, तेल बदलावे, ड्रम उघडून पाहावेत. आणि मूळ हाऊसिंग भंगारात घालू नये.