सिग्नलला दिवे डुलक्या का घेतात?

संध्याकाळचे साडेसात. हिंजवडीतून सुटलेली अख्खी जनता वाकडच्या ट्रॅफिकमध्ये. वरून धो धो पाऊस. हेडलाइट्स, एसी, वायपर, मागच्या काचेचा डीफॉगर, झाडून सगळं चालू. आणि गाडी थांबली रे थांबली की दिवे मंद, वायपर पेंगुळलेले. ॲक्सिलरेटर जरा दाबला की पुन्हा सगळं झकास!

मागच्या पावसाळ्यात माझ्या सेकंडहँड हॅचबॅकचं हेच झालं. जवळच्या गॅरेजवाल्याने बॉनेट उघडायच्या आधीच निकाल दिला, "मॅडम, बॅटरी गेली." घातली नवी. खिशाला पाच हजारांचं भोक. तीन आठवड्यांनी पुन्हा तोच तमाशा.

बॅटरी बिचारी फुकट बदनाम झाली होती. तिचं मुख्य काम स्टार्टर फिरवणं. इंजिन चालू असताना वीज देतो तो अल्टरनेटर, ज्याला जुने मेकॅनिक अजूनही 'डायनमो' म्हणतात. तो इंजिनच्या बेल्टवर फिरतो, इंजिनच्या साधारण अडीचपट वेगाने. म्हणजे इंजिन ७५० आरपीएमला गुरगुरत असेल तर अल्टरनेटर जेमतेम १,९०० वर. त्याच्यावर छापलेले ७० ॲम्पियर मात्र ६,००० फेऱ्यांचे असतात! आयडलिंगला त्यातले निम्मे मिळाले तरी खूप. इकडे ५५ वॅटचे दोन हेडलाइटच नऊ ॲम्पियर खातात. त्यात ब्लोअर, रेडिएटर फॅन आणि डीफॉगर धरले की हिशोब तिथेच बोंबलतो. त्यामुळे सगळं चालू असताना दिवे किंचित उतरले तर घाबरू नका. पण व्होल्टेज बॅटरीच्या खाली घसरत असेल, तर गडबड आहे.

ते कळायला काही शे रुपयांचा डिजिटल मल्टिमीटर पुरतो. डीसी २० व्होल्टवर ठेवा, लाल पिन प्लसला, काळी मायनसला. गाडी रात्रभर उभी असेल तर सकाळी १२.६ च्या आसपास दिसायला हवं. इंजिन चालू केल्यावर १३.५ ते १४.५. आता हेडलाइट आणि एसी लावा. आकडा १३ च्या आसपास टिकला तर ठीक. १२.६ च्या खाली गेला तर गाडी बॅटरीच्या जिवावर चालली आहे. (हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रलला. आणि ओढणी, बाह्या फिरत्या बेल्टपासून लांब ठेवा, प्लीज!)

आता खरी गंमत. मित्राला हळूच रेस द्यायला सांगा. रेस दिल्यावर आकडा १४ वर उडी मारत असेल, तर संशयित तीन: सैल किंवा गुळगुळीत झालेला बेल्ट, झिजलेले कार्बन, नाहीतर उडालेला डायोड. रेस देऊनही आकडा हलत नसेल तर वायरिंग आणि अर्थिंगकडे बघा, रेग्युलेटरही असू शकतो. काळी पिन बॅटरीच्या मायनसला आणि लाल अल्टरनेटरच्या बॉडीला लावा. लोड चालू असताना ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंग गंजलंय. सँडपेपरने घासा, आवळा.

एक सूचना. "चालू गाडीची बॅटरी काढून बघू, बंद पडली तर डायनमो गेला" हा जुना फंडा कुणी करू लागला तर हात धरा. त्या झटक्यात व्होल्टेज उसळून गाडीचा कॉम्प्युटर जाऊ शकतो, आणि त्याच्यापुढे बॅटरीचं बिल म्हणजे चहापाणी. नव्या गाड्यांमध्ये अजून एक लोचा: इंधन वाचवायला त्यांचा कॉम्प्युटर मुद्दाम व्होल्टेज खालीवर करतो. तिथे एक आकडा बघून निष्कर्ष काढू नका, मॅन्युअल उघडा.

माझ्या गाडीत शेवटी एका इलेक्ट्रिशियन काकांनी मीटर लावला. आयडलला १२.३, रेसवर १४.१. बेल्टवर बोट फिरवून दाखवलं, काचेसारखा चकचकीत. पाण्याचे शिंतोडे उडाले की नुसता घसरायचा. नवा बेल्ट मजुरीसकट हजाराच्या आत बसला. जुनी बॅटरी काकांनी विचारली, "कुठाय ती?" गॅरेजवाल्याने ती केव्हाच 'एक्सचेंज'मध्ये ठेवून घेतली होती.