मदरबोर्ड गेला नव्हता!

बटण दाबलं. पंखा अर्धा फिरला आणि थांबला. पुन्हा दाबलं, तर तेवढंही नाही. टेबलाभोवती आम्ही तिघं मित्र, दारात बाबा. आंबिया बहाराच्या संत्र्याचे पैसे हातात आले, तेव्हा त्यातले अठ्ठावीस हजार त्यांनी माझ्या कॉम्प्युटरसाठी बाजूला काढले होते. अर्धे पार्ट नवे, अर्धे सेकंडहँड, आणि जोडणी आमची स्वतःची. व्हिडिओ पाहून पाहून केलेली.

‘मदरबोर्ड गेला बे,’ एका मित्राने निकाल देऊन टाकला. दुसऱ्याने मान डोलावली. माझ्या डोक्यात हिशेब सुरू झाला. काटोलहून नागपूर साठेक किलोमीटर. सीताबर्डीत जाऊन यायचं म्हणजे अख्खा दिवस गेला. दुकानदार ‘बोर्ड बदलवा’ म्हणाला तर आणखी साडेपाच हजार. आणि आठ दिवसांवर प्रोजेक्ट सबमिशन.

बाबा कॉम्प्युटरमधलं काही जाणत नाहीत. पण ते एवढंच म्हणाले, ‘वावरात मोटर चालू नाही झाली, तं आपण आधी बोअरमधून मोटर काढतो का? आधी फेज पाहतो, मंग फ्यूज, मंग स्टार्टर. मोटर सर्वात शेवटी.’

त्या रात्री आम्ही तेच केलं.

‘बंद’ म्हणजे नेमकं काय?

पीसी चालू होत नाही, असं आपण सरसकट म्हणतो. पण त्याचे तीन प्रकार आहेत. पहिला, काहीच हालचाल नाही: ना लाइट, ना पंखा. दुसरा, पंखा क्षणभर फिरतो आणि थांबतो. तिसरा, पंखे मस्त फिरतात पण स्क्रीन काळी. तिन्हींची कारणं वेगळी असतात. म्हणून कोणाला फोन करण्याआधी वहीत लिहून घ्या, बटण दाबल्यावर नक्की काय झालं.

आमचा प्रकार दुसरा होता. फक्त गंमत अशी की पहिल्या प्रयत्नानंतर तो पहिल्या प्रकारासारखा दिसायचा. एसएमपीएसचा मागचा स्विच बंद करून थोडं थांबलो आणि परत चालू केला, की पंखा पुन्हा अर्धा फेरा मारायचा. ही खूण महत्त्वाची होती, पण ती आम्हाला जरा उशिरा कळली.

भिंतीपासून आत

सुरुवात प्लगपासून. त्याच एक्स्टेन्शन बोर्डवर टेबल लॅम्प लावून पाहिला, तो लागला. एसएमपीएसच्या मागच्या स्विचवर उभी रेघ म्हणजे चालू, गोल म्हणजे बंद. हसू नका, हा स्विच बंद राहिल्यामुळे कितीतरी पीसी ‘मरतात’. पॉवर केबल मॉनिटरची लावून पाहिली. तीही ठीक.

इथेच अर्थिंगही पाहून घ्या. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, की लोक एसएमपीएसला दोष देतात. पण बहुतेकदा घराच्या सॉकेटमध्ये अर्थिंगच नसतं, किंवा असलं तरी नावापुरतं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात जमीन वाळली की अर्थिंगचा खड्डाही वाळतो. त्यात पाणी टाकत राहावं लागतं. आणि दोन पिनच्या सॉकेटात बसावा म्हणून प्लगची तिसरी पिन तोडू नका.

मग बटण. आता एक गोष्ट समजून घ्या. जुन्या एटी पद्धतीच्या मशीनमध्ये समोरचं बटण थेट २३० व्होल्टची लाइन तोडायचं-जोडायचं. १९९५मध्ये इंटेलने एटीएक्स हा नमुना आणला आणि बटणाचं काम बदललं. आता बटण फक्त मदरबोर्डला सांगतं, मदरबोर्ड एसएमपीएसला सांगतो, मग एसएमपीएस जागा होतो. म्हणजे पीसी बंद असतानाही बोर्डावर ५ व्होल्टचा स्टँडबाय पुरवठा चालूच असतो. म्हणून पार्ट काढता-घालताना पॉवर केबल काढायचीच.

बटणच खराब आहे का, हे पाहणं सोपं आहे. मदरबोर्डवर पॉवर स्विचच्या दोन पिना असतात. त्यांच्या वायरी काढायच्या, पुरवठा चालू करायचा आणि स्क्रूड्रायव्हरचं टोक दोन्ही पिनांना क्षणभर टेकवायचं. व्होल्टेज कमी असल्यामुळे इथे शॉकची भीती नाही. फक्त पिना मॅन्युअलमध्ये पाहून घ्या, अंदाजाने नको. आम्ही टेकवलं. पंखा परत अर्धा फेरा. म्हणजे बटण ठीक.

पुढे जोडण्या. २४ पिनचा मोठा कनेक्टर पूर्ण बसलाय का? प्रोसेसरजवळचा ८ पिनचा वेगळा कनेक्टर लावलाय का? नवशिके हाच विसरतात. ग्राफिक्स कार्डचा ८ पिनचा प्लग तसाच दिसतो, पण तो इथला नाही. जात नसेल तर जोर लावू नका. रॅम दाबताना ‘टक्’ असा आवाज यायला हवा. आमचं सगळं जागेवर होतं.

अर्ध्या फेऱ्याचा अर्थ

आता संशय एसएमपीएसवर गेला. त्यासाठी पेपरक्लिपची चाचणी असते. केबल काढून सगळे पार्ट सोडवायचे, २४ पिनच्या कनेक्टरमधली हिरवी वायर शेजारच्या काळ्या वायरीशी क्लिपने जोडायची, मग पुरवठा चालू करायचा. सगळ्याच वायरी काळ्या असतील, तर पिनांचं चित्र समोर ठेवल्याशिवाय हे करू नका. आमच्या एसएमपीएसचा पंखा फिरला. यावरून एवढंच कळतं, की तो जागा होतो. लोड झेपतो का, ते नाही कळत. मल्टीमीटर असेल तर १२ व्होल्टची लाइन ११.४ ते १२.६च्या दरम्यान हवी. पण एसएमपीएसचा डबा कधीच उघडायचा नाही. आतल्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वरचा चार्ज प्लग काढल्यावरही काही काळ राहू शकतो.

मग एकट्याने चालणारा एसएमपीएस बोर्ड जोडल्यावर का थांबतो? कारण त्याला कुठेतरी शॉर्ट दिसतो. चांगला एसएमपीएस अशा वेळी स्वतःला बंद करून घेतो आणि मागचा स्विच बंद-चालू केल्याशिवाय पुन्हा प्रयत्नच करत नाही. आम्ही ज्याला मेलेला समजत होतो, तो खरं तर बाकीच्या पार्टना जपत होता.

मग आम्ही एकेक पार्ट काढत गेलो. ग्राफिक्स कार्ड काढलं, तरी अर्धा फेरा. समोरच्या यूएसबीची वायर काढली, तरी तेच. शेवटी बोर्डच कॅबिनेटबाहेर काढून त्याच्या पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवला. सोबत फक्त प्रोसेसर, कूलर आणि एक रॅम. स्क्रूड्रायव्हर टेकवला.

पंखा फिरला. फिरतच राहिला.

रिकाम्या कॅबिनेटमध्ये टॉर्च मारला, तेव्हा उलगडा झाला. सेकंडहँड कॅबिनेटमध्ये आधी मोठा बोर्ड होता. आमचा लहान. बोर्ड अधांतरी राहावा म्हणून त्याखाली पितळी स्टँडऑफ लावतात. त्यातला एक जास्तीचा आमच्या बोर्डाच्या भोकाखाली नव्हताच, तो मागच्या सोल्डरच्या टोकांना थेट टेकत होता. तो काढला, बोर्ड बसवला, बटण दाबलं. स्क्रीन उजळली.

बाबांनी विचारलं, ‘काय बदलवलं?’

‘काहीच नाही. एक नट काढला.’

‘पाय म्हटलं,’ असं म्हणून ते झोपायला गेले.

चांगला चालणारा जुना पीसी अचानक बंद पडला, तर क्रम तोच, फक्त संशयित बदलतात. वीज कडकडल्यावर किंवा व्होल्टेज वर-खाली झाल्यावर बंद पडला, तर आधी एसएमपीएस तपासा. बोर्डावरचे कपॅसिटर वरून फुगलेत का, ते पाहा. आत धूळ, मुंग्या, कधीकधी पालसुद्धा निघते. जळका वास आला किंवा धूर दिसला, तर मात्र प्रयोग बंद. प्लग काढा आणि जाणकाराकडे न्या.

चौकट: कापून ठेवा

१. काय होतं ते लिहा: काहीच नाही, अर्धा फेरा की काळी स्क्रीन?
२. सॉकेट, केबल, मागचा स्विच.
३. बटण वगळून पिना टेकवून पाहा.
४. २४ पिन, ८ पिन, रॅम.
५. एसएमपीएस एकटा तपासा.
६. बोर्ड बाहेर, पुठ्ठ्यावर, कमीत कमी पार्टसह.
७. एका वेळी एकच बदल. दोन केले, तर बिघाड कशात होता ते कळणार नाही.