अल्प खर्चातील ध्वनी पॉवर ॲम्प्लिफायर : रचना, गणित आणि दक्षता

प्रस्तावना :

वरिष्ठ महाविद्यालयांतील पदार्थविज्ञान व इलेक्ट्रॉनिक्स विभागांत ध्वनी ॲम्प्लिफायर हा विद्यार्थी-प्रकल्पाचा नेहमीचा विषय आहे. मात्र बाजारातून तयार मॉड्यूल आणून ते डब्यात बसविले की पुष्कळदा प्रकल्पाची सांगता होते. विद्यार्थ्यास गुण मिळतात. परंतु ट्रान्सफॉर्मर बारा व्होल्टचाच का, हीट सिंक एवढाच का, या प्रश्नांची उत्तरे त्याच्यापाशी नसतात. वास्तविक ऑपरेशनल ॲम्प्लिफायर, ऋण फीडबॅक, वीजपुरवठा आणि उष्णतावहन हे अभ्यासक्रमात निरनिराळ्या प्रकरणांत विखुरलेले विषय एकाच परिपथात आणणारा इतका स्वस्त प्रकल्प क्वचितच सापडेल. प्रस्तुत लेखात 'टी.डी.ए. २०३०ए' या पाच पायांच्या आय.सी.चे उदाहरण घेऊन एकमार्गी, म्हणजे मोनो, मॉड्यूलच्या उभारणीचे विवेचन केले आहे. खरी काटकसर खरेदीपूर्वीच्या गणितात असते, हे त्यातून स्पष्ट व्हावे अशी अपेक्षा आहे.

१. किती वॅट पुरेसे? :

स्वस्त स्पीकरच्या खोक्यांवर 'हजार वॅट पी.एम.पी.ओ.' असे आकडे छापण्याची प्रथा भारतीय बाजारात दीर्घकाळ होती. या संज्ञेला कोणतीही प्रमाणित व्याख्या नसल्याने अशा आकड्यांची तुलना करणे निरर्थक ठरते. उपयुक्त मोजमाप म्हणजे दिलेल्या रोधावर सातत्याने मिळणारी सरासरी शक्ती होय.

मानवी कानाची संवेदना लॉगरिदमिक स्वरूपाची आहे. शक्ती दुप्पट केली असता ध्वनिपातळी केवळ ३ डेसिबलने वाढते. आवाज साधारण दुप्पट वाटण्यासाठी शक्ती सुमारे दसपट करावी लागते. एक वॅटला एक मीटर अंतरावर ८८ डेसिबल देणारा स्पीकर घेतल्यास १० वॅटला तेथेच ९८ डेसिबल मिळतात. मोकळ्या जागेत चार मीटर अंतरावर त्यातून १२ डेसिबल वजा होऊन ८६ उरतात. सामान्य संभाषणाची पातळी एक मीटरवर ६० डेसिबलच्या आसपास असते, हे ध्यानात घेता वर्गखोलीसाठी १० वॅट पुरेसे आहेत. विसाऐवजी दहा वॅटवर समाधान मानल्याने फक्त ३ डेसिबल गमवावे लागतात. ट्रान्सफॉर्मर व हीट सिंक मात्र बरेच लहान चालतात.

२. वीजपुरवठ्याचे गणित :

'१२-०-१२' व्होल्ट, २ अँपिअर हा ट्रान्सफॉर्मर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून तालुक्याच्या दुकानापर्यंत सहज मिळतो. बारा व्होल्ट ही आर.एम.एस. किंमत असून शिखरमूल्य सुमारे १७ व्होल्ट येते. डायोडमधील घट वजा जाता धन व ऋण बाजूंस प्रत्येकी सुमारे १६ व्होल्ट मिळतात आणि पूर्ण भार असताना ते १५ पर्यंत उतरतात.

येथेच एक सापळा आहे. भार नसताना लहान ट्रान्सफॉर्मरचा दाब सुमारे १० टक्क्यांनी चढतो. त्यातच घरगुती विजेचा दाब २३० ऐवजी २५३ व्होल्ट झाला, तर प्रत्येक बाजूस जवळपास २० व्होल्ट येतात. मूळ 'टी.डी.ए. २०३०'ची कमाल मर्यादा १८ व्होल्ट असल्याने तो अशा वेळी निकामी होऊ शकतो. 'ए' हे अक्षर असलेल्या सुधारित आवृत्तीची मर्यादा २२ व्होल्ट आहे. एका अक्षराकडे झालेले दुर्लक्ष असे महाग पडते.

फिल्टर कॅपॅसिटरचीही निवड अशीच करावी. ८ ओहमच्या स्पीकरवर १२.५ व्होल्ट शिखरमूल्याचा दाब दिल्यास सुमारे १० वॅट शक्ती मिळते. त्या वेळी प्रत्येक बाजूकडून सरासरी अर्धा अँपिअर प्रवाह घेतला जातो. पूर्णलहरी दिष्टीकरणात कॅपॅसिटर दर शतांश सेकंदाला पुन्हा भारित होतो. त्यामुळे १००० मायक्रोफॅरडवर सुमारे ५ व्होल्ट, तर ४७०० मायक्रोफॅरडवर सुमारे १ व्होल्ट तरंग राहतो. यास्तव प्रत्येक बाजूस ४७०० मायक्रोफॅरड, ३५ व्होल्टचा कॅपॅसिटर योग्य ठरतो.

३. परिपथ :

बेल प्रयोगशाळेतील हॅरॉल्ड ब्लॅक यांनी १९२७ मध्ये मांडलेले ऋण फीडबॅकचे तत्त्व येथे प्रत्यक्षात दिसते. प्रयोगशाळेत '७४१' या आय.सी.वर शिकविला जाणारा नॉन-इन्व्हर्टिंग ॲम्प्लिफायर आणि हा परिपथ तत्त्वतः एकच आहेत. फीडबॅकमध्ये २२ किलोओहम व ६८० ओहम हे रेझिस्टर घेतले असता प्रवर्धन सुमारे ३३ पट येते. त्यामुळे मोबाईलकडून मिळणारे सुमारे ०.२७ व्होल्ट पूर्ण शक्तीसाठी पुरतात. मायक्रोफोनसाठी मात्र वेगळा प्रीॲम्प्लिफायर लागतो.

६८० ओहमच्या मालिकेतील २२ मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर स्थिर दाबाचे प्रवर्धन एकपट ठेवतो. आउटपुट व भूमी यांमध्ये १ ओहम आणि ०.२२ मायक्रोफॅरड मालिकेत जोडतात. त्याने उच्च वारंवारतेची आंदोलने टळतात. हा जोड वगळल्यास आय.सी. विनाकारण तापू लागतो व दोष कोठे आहे ते कळत नाही.

४. उष्णता :

'ब' वर्गातील आउटपुटमध्ये सर्वाधिक उष्णता पूर्ण आवाजाला निर्माण होत नाही, ही बाब विद्यार्थ्यांस अनपेक्षित वाटते. १५ व्होल्ट व ८ ओहम असताना हे कमाल मूल्य सुमारे ५.७ वॅट येते आणि ते तितक्याच आउटपुट शक्तीला गाठले जाते. निष्क्रिय अवस्थेतील प्रवाहाचे दीड वॅट धरून एकूण ७.२ वॅट होतात. विदर्भ-मराठवाड्यातील उन्हाळा विचारात घेऊन खोलीचे तापमान ४५ अंश आणि आय.सी.च्या अंतर्भागाचे १२५ अंश मानल्यास दर वॅटला ११ अंशांपर्यंत वाढ चालते. त्यातून आय.सी.चे ३ व अभ्रकाच्या चकतीचा सुमारे १ वजा करता हीट सिंकसाठी ७ अंश प्रति वॅट उरतात. प्रत्यक्ष स्पीकर हा शुद्ध रोध नसल्याने याहून मोठा हीट सिंक घेणे इष्ट.

विभागातील निर्लेखित संगणकाच्या प्रोसेसरवरील ॲल्युमिनिअमचा हीट सिंक या कामी चांगला उपयोगी पडतो; अर्थात डेड स्टॉक रजिस्टरमधील नोंद आधी पूर्ण झालेली असावी. आय.सी.ची धातूची पाठ ऋण पुरवठ्याशी जोडलेली असते. म्हणून अभ्रकाची चकती व स्क्रूसाठी विलगक वॉशर अनिवार्य आहे.

५. भूमी-जोडणी, चाचणी व सुरक्षितता :

स्पीकर, फिल्टर कॅपॅसिटर व इनपुट यांच्या भूमीच्या तारा एकाच बिंदूवर आणाव्यात. तरीही गुणगुण आल्यास तिचा स्वर निदानास साहाय्य करतो. ५० हर्ट्झचा खोल स्वर बहुधा इनपुटच्या तारेतील किंवा भूमीच्या वलयातील दोष सुचवितो, तर १०० हर्ट्झचा खरखरीत स्वर वीजपुरवठ्याकडे निर्देश करतो.

ट्रान्सफॉर्मरच्या प्राथमिक बाजूस अर्ध्या अँपिअरचा फ्यूज, तीन पिनांचा प्लग व धातूच्या डब्यास अर्थिंग या तीन बाबींत काटकसर करू नये. प्रथम वीज देताना ६० वॅटचा तंतूचा बल्ब मालिकेत ठेवावा, एल.ई.डी. बल्ब यासाठी चालत नाही. क्षणभर उजळून बल्ब मंदावला तर जोडणी ठीक आहे. तो प्रखर तेवत राहिला तर वीज त्वरित बंद करावी. यानंतर स्पीकर न जोडता आउटपुटवरील स्थिर दाब मोजावा. तो काही दशक मिलिव्होल्टच्या आत असावा. काही व्होल्ट आढळल्यास स्पीकरची कॉइल जळण्याचा धोका असतो.

समारोप :

या मॉड्यूलमध्ये आय.सी. हा सर्वांत स्वस्त भागांपैकी एक असून खर्चाचा मोठा वाटा ट्रान्सफॉर्मर, हीट सिंक व डबा यांचा असतो. म्हणूनच या तिघांचे आकारमान गणिताने ठरविणे हाच खर्च आटोक्यात ठेवण्याचा मार्ग होय. नकली आय.सी. बाजारात असल्याने अति स्वस्त भागाचा मोह टाळावा. प्रकल्पाचे मूल्यमापन करताना वाजणाऱ्या यंत्रासोबत वरील चार-पाच गणितांची वही मागितल्यास तयार मॉड्यूल आणणारा व स्वतः बांधणारा विद्यार्थी यांतील फरक तोंडी परीक्षेत आपोआप स्पष्ट होईल. उपकरण-निधी तुटपुंजा असलेल्या विभागांसही हे सहज शक्य आहे.