लोड, खुर्ची आणि घड्याळाची साखळी

स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स याने १७९२मध्ये पुण्यात सवाई माधवराव पेशव्यांना नाना फडणवीसांसह तैलरंगात रंगवलं. हे चित्र आज लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीकडे आहे. पेशवे मोत्या-रत्नांनी सजून बसलेले, मागे सेवक उभे. नाना शेजारी, अंगाने शिडशिडीत आणि कितीतरी साधे. कारभार कोणाच्या हाती होता हे ठाऊक असलेल्याला हा साधेपणा दागिन्यांपेक्षा जास्त सांगतो.

इंग्रजी अमलात अशा व्यक्तिचित्रांतला टेकायचा लोड गेला, खुर्ची आली. पगडी तीच राहिली. तिच्यावरून घराणं कळे. भर पडली ती कोटाची, घड्याळाच्या साखळीची, काठीची. टेबलावर एक जाडजूड पुस्तकही असे (वाचलेलं असेलच असं नाही).

तैलचित्र न परवडणाऱ्यांनी फोटोवर हाताने रंग भरून घेतले. मेहकर-सिंदखेडराजा रस्त्यावरच्या सुलतानपूरसारख्या वऱ्हाडी गावांत, जुन्या घराच्या बैठकीत, असे आजोबा अजून भेटू शकतात. धोतर साधंच, पण मनगटावरचं घड्याळ दिसावं म्हणून हात मुद्दाम मांडीवर पुढे घेतलेला.