धरणगावच्या दिव्याखालची पाकोळी
(वटवाघळांची लेखमाला : लेखांक ६)

दिवेलागणीनंतर धरणगावच्या रस्त्यांवरच्या दिव्यांभोवती किड्यांवर झेपावणारी, काडेपेटीत मावेल एवढी पाकोळी तुम्ही पाहिली असेल. वजन जेमतेम दोन-चार ग्रॅम. बहुधा ती पिपिस्ट्रेलस टेन्युइस असते. तिच्या शास्त्रीय ओळखीची कथा खानदेशाच्या वेशीवरच सुरू होते. मुंबई इलाख्यातले वनाधिकारी रॉबर्ट रॉटन यांनी १८९९ साली शेजारच्या डांगातल्या म्हेसकात्रीच्या नमुन्यावरून तिचे नाव पिपिस्ट्रेलस माइमस असे ठेवले. पुढे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने सस्तन प्राण्यांची पाहणी हाती घेतली. तिचा १९१२ सालचा पहिला अहवाल खानदेशावरचा, आणि तो लिहिणारेही रॉटनच.

आज बरेच अभ्यासक माइमसला वेगळी जात मानत नाहीत. सुमात्रा बेटावरून १८४० साली वर्णन झालेल्या टेन्युइसचीच ती उपजात, असे ते म्हणतात. कवटी, दात आणि पंखांची हाडे यांच्या मापांवरून असे निवाडे होत आले आहेत. पण डांगापासून सुमात्रापर्यंत खरोखर एकच जात नांदते का? इथे पेशीतल्या तंतुकणिकेला साक्षीला बोलवावे लागते.

मागच्या लेखांकात तंतुकणिका उडण्यासाठी ऊर्जा कशी पुरवतात ते पाहिले. त्यांचा स्वतःचा वर्तुळाकार डीएनए असतो, आणि सस्तन प्राण्यांत तो जवळजवळ नेहमी आईकडूनच येतो. माणसात हे वर्तुळ १६,५६९ अक्षरांचे. वटवाघळांतही साधारण तेवढेच, बहुधा थोडे मोठे. त्यावर ३७ जनुके असतात : १३ प्रथिनांची, २२ टी-आरएनएंची, २ आर-आरएनएंची. कोट्यवधी वर्षांपूर्वी वेगळ्या झालेल्या वटवाघळांतही ही जनुके ठरलेल्या क्रमानेच भेटतात. मग लांबी बदलते कुठे? जिथे एकही प्रथिन लिहिलेले नाही त्या नियंत्रक पट्ट्यात. डीएनएची नवी प्रत काढण्याचे काम इथून सुरू होते. मला या वर्तुळाचा सर्वांत रंजक भाग हाच वाटतो.

आपल्या पाकोळीचे कुळ व्हेस्परटिलिओनिडी. या कुळातल्या अनेक जातींच्या नियंत्रक पट्ट्यात सुमारे ८१ अक्षरांचा एकच तुकडा एकापुढे एक पुन्हापुन्हा येतो. अमेरिकेतल्या संध्या-वटवाघळावर जेराल्ड विल्किन्सन आणि चॅपमन यांनी १९९१ साली केलेला अभ्यास यासाठी मुद्दाम वाचावा असा आहे. सात वसाहतींतली १९५ वटवाघळे त्यांनी तपासली. हा तुकडा कुठे पाच वेळा, तर कुठे आठ वेळाही आला होता. त्याहून नवलाचे म्हणजे २८ टक्के वटवाघळांत, एकाच शरीरात, वेगवेगळ्या लांबीची वर्तुळे एकत्र नांदत होती. प्रत काढताना नवा धागा मूळ धाग्यावरून सुटतो आणि एखादा तुकडा पुढे-मागे सरकून पुन्हा चिकटतो. त्यामुळे एक तुकडा वाढतो किंवा गळतो, असा त्याचा उलगडा.

यातून एक सावधगिरी निघते. तुकड्यांची संख्या इतक्या सहज बदलते, की दोन दूरची घराणी योगायोगाने एकाच संख्येवर येऊ शकतात. शिवाय छोट्या-छोट्या तुकड्यांत वाचलेला डीएनए संगणकावर जोडताना सारखे तुकडे एकमेकांवर बसून पट्टा खऱ्यापेक्षा आखूड दिसतो. म्हणून जाती ओळखायला मी या पट्ट्यापेक्षा याच वर्तुळावरच्या सायटोक्रोम-बी या जनुकावर जास्त भरवसा ठेवीन.

त्या जनुकाने काय साधते ते युरोपात दिसले. तिथल्या साध्या पिपिस्ट्रेलचे काही थवे ४५ किलोहर्ट्झच्या आसपास हाक देत, काही ५५ च्या. दिसायला दोन्ही जवळपास सारखे. १९९७ साली सायटोक्रोम-बी तपासले तेव्हा दोहोंत ११ टक्क्यांहून अधिक फरक निघाला, आणि पिपिस्ट्रेलस पिपिस्ट्रेलस व पिपिस्ट्रेलस पिग्मियस या दोन जाती मानल्या गेल्या.

तरीही मातृवंशाची साक्ष एकटी पुरत नाही. मायोटिस ब्लिथी या वटवाघळाचे मूळ वर्णन राजस्थानातल्या नसिराबादच्या नमुन्यावरून झाले. युरोपात याच नावाने ओळखली जाणारी वटवाघळे मायोटिस मायोटिसशी इतकी मिसळली, की त्यांच्या तंतुकणिकांत त्या दुसऱ्या जातीचा डीएनए शिरून बसला. केंद्रकातला डीएनए मात्र त्यांना वेगळेच दाखवतो. २००६ साली हे उघड झाले. फक्त तंतुकणिका पाहिल्या असत्या तर दोन जाती एकच ठरल्या असत्या.

म्हणून माइमसचा निकाल लावायचा तर खानदेश, डांग आणि सुमात्रा इथल्या पाकोळ्यांचे सायटोक्रोम-बी शेजारी ठेवावे लागेल, त्याला केंद्रकातल्या जनुकांची जोड द्यावी लागेल आणि प्रत्येक ठिकाणची हाकही नोंदवावी लागेल. ही हाक कशी नोंदवतात आणि तिच्या आलेखावरून जात कशी ओळखतात, ते पुढच्या आठवड्यात.