सायप्रस : कौल कुणाचा?

सायप्रसच्या गेल्या पाऊणशे वर्षांत तह, बंडे आणि चर्चेच्या फेऱ्या इतक्या झाल्या की त्यांच्या तारखांत माणूस हरवतो. त्यापेक्षा एकच गोष्ट तपासावी : या बेटावरच्या लोकांना त्यांचे मत कधी आणि कुणी विचारले?

पहिल्यांदा विचारले ते चर्चने. जानेवारी १९५० मध्ये, ब्रिटिश अमलात, ऑर्थोडॉक्स चर्चने गावोगाव सह्या घेतल्या. मागणी स्वातंत्र्याची नव्हती; ग्रीसमध्ये विलीन होण्याची, म्हणजे ‘एनोसिस’ची होती. सुमारे ९६ टक्के ग्रीक सायप्रियटांनी होकार दिला. भर चर्चमध्ये उघड सही करायची म्हटल्यावर नकार किती जण देणार, हा भाग वेगळा. धर्मगुरूंनी राजकारण चालवावे यात तिथे कुणाला वावगे वाटत नव्हते. १५७१ पासूनच्या ऑटोमन राजवटीत रयतेची ओळख धर्मावरून ठरे आणि आर्चबिशप हाच ख्रिस्ती रयतेचा पुढारी असे. १९५० मध्येच आर्चबिशप झालेले मकारिओस पुढे देशाचे अध्यक्ष झाले, ते याच परंपरेतून.

लोकसंख्येत सुमारे १८ टक्के असलेले तुर्की सायप्रियट या कौलात नव्हते. त्यांच्या पुढाऱ्यांनी प्रत्युत्तर म्हणून ‘तक्सीम’, म्हणजे फाळणी मागितली. स्वयंनिर्णयाचा हक्क दोघांनाही हवा होता. फक्त ‘जनता’ मोजताना ग्रीकांनी अख्खे बेट धरले आणि तुर्कांनी आपली जमात. आपले बहुमत होईल एवढाच आकडा प्रत्येकाने पकडला. १९५५ मध्ये ‘एओका’ या एनोसिसवादी ग्रीक सायप्रियट संघटनेने ब्रिटिशांविरुद्ध शस्त्र उचलले, तेव्हा सरकारने सहायक पोलिसांत तुर्की सायप्रियटांची भरती केली. वसाहतीविरुद्धच्या लढ्याला शेजाऱ्यांच्या वैराचे रूप यायला याने मोठा हातभार लागला.

१९६० मध्ये स्वातंत्र्य आले, तेव्हा मात्र कुणालाच विचारले नाही. करार झाले झुरिच आणि लंडनमध्ये. हमीदार ग्रीस, तुर्कस्तान आणि ब्रिटन. अध्यक्ष ग्रीक, उपाध्यक्ष तुर्की, दोघांची निवड आपापल्या जमातीने करायची. सरकारी नोकऱ्या ७० : ३०. विलीनीकरण आणि फाळणी, दोन्हींना घटनेनेच बंदी. मॅरोनाइट, आर्मेनियन आणि लॅटिन ख्रिश्चनांनाही दोनपैकी एक जमात निवडावी लागली. त्यांनी ग्रीक निवडली. केवळ सायप्रियट म्हणून नोंद करण्याची सोय या घटनेत नव्हती, आणि माझ्या मते तिची खरी खोट हीच. १९६३ मध्ये मकारिओसनी घटनेत तेरा दुरुस्त्या सुचवल्या, डिसेंबरात रक्तपात झाला, आणि एका ब्रिटिश सेनाधिकाऱ्याने राजधानी निकोसियाच्या नकाशावर हिरव्या पेन्सिलीने दोन जमातींना वेगळे करणारी रेघ ओढली. १९६४ मध्ये संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना आली. तिच्या सेनापतींत ग्यानी, थिमय्या आणि प्रेमचंद हे तीन भारतीय होते. थिमय्यांचा मृत्यू १९६५ मध्ये तिथेच झाला.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये दर्विश अली कवाझोग्लू हा तुर्की डावा कार्यकर्ता आणि त्याचा ग्रीक साथी कोस्तास मिशाऊलिस यांना निकोसिया–लार्नाका रस्त्यावर गोळ्या घातल्या गेल्या. १९४८ च्या संपात दोन्ही जमातींचे खाणकामगार एकत्र उतरले होते. एकजुटीच्या त्या वाटेने जाऊ पाहणाऱ्यांना आपल्याच जमातीतले बंदूकधारी सर्वांत आधी गाठत.

१९७४ ठाऊक आहे : जुलैत ग्रीक लष्करशहांनी घडवलेले बंड, पाच दिवसांत तुर्की आक्रमण, बेटाचा एक तृतीयांशाहून अधिक भाग तुर्की सैन्याकडे, दीड लाखांहून अधिक ग्रीक सायप्रियट दक्षिणेला, हजारो तुर्की सायप्रियट उत्तरेला. १९८३ मध्ये उत्तरेने स्वतंत्र प्रजासत्ताक घोषित केले. मान्यता एकट्या तुर्कस्तानची.

दोघांना एकाच दिवशी विचारले गेले ते थेट २४ एप्रिल २००४ ला, आणि तेही वेगवेगळे. संयुक्त राष्ट्रांचे तत्कालीन सरचिटणीस कोफी अन्नान यांच्या संघराज्य योजनेला उत्तरेत सुमारे ६५ टक्के होकार, दक्षिणेत ७६ टक्के नकार. नकाराने दक्षिणेचे तात्काळ काही बिघडणार नव्हते. युरोपीय संघाचे सदस्यत्व आठवड्याभरात मिळायचेच होते आणि मिळाले. योजना सदोष होती हे मान्य, पण नकार फुकट मिळत असेल तर तडजोडीला हात कोण घालणार?

ऑक्टोबर २०२५ मध्ये उत्तरेच्या मतदारांनी दोन राष्ट्रांचा आग्रह धरणाऱ्या एर्सिन तातार यांना हरवून संघराज्याचे समर्थक तुफान एर्ह्युरमान यांना अध्यक्षपदी निवडले. या मतदारांत १९७४ नंतर तुर्कस्तानातून येऊन वसलेली कुटुंबेही आहेत, २००४ मध्येही होती. त्यांचे मत सायप्रसचे धरायचे का, यावर आता वाद आहे.