नोंदणी नसली तरी दावा होतो, मुदत मात्र थांबत नाही

फर्निचर बनवणारा, घराचे काम घेणारा कंत्राटदार किंवा सहली काढणारा आगाऊ पैसे घेऊन आज-उद्या करू लागला, की कुणीतरी हमखास सांगतो, ‘त्याची कुठे नोंदणीच नाही, केस कुणावर करणार?’ हा सल्ला कायद्याला धरून नाही आणि त्यावर विसंबणाऱ्याला तो महागात पडतो. एकट्या मालकाच्या धंद्यात पाटीवरचे नाव काहीही असो, कायद्याच्या नजरेत धंदा म्हणजे तो मालकच. शॉप अॅक्टची नोंद किंवा जीएसटी क्रमांक नसेल, तर त्याचे प्रश्न त्याने त्या त्या खात्याशी सोडवावेत. गिऱ्हाईकाचे देणे त्यामुळे बुडत नाही. भागीदारीचेही तसेच. १९३२ च्या भागीदारी कायद्यात संस्थेची नोंदणी ऐच्छिक आहे आणि नोंदणी न करण्याचा फटका कलम ६९ नुसार बसतो तो संस्थेलाच. करारातून येणे असलेल्या पैशांसाठी तिला बाहेरच्या माणसावर दावा लावता येत नाही. बाहेरच्या माणसाला मात्र तिच्यावर दावा लावता येतो आणि भागीदार असतानाच्या काळातल्या संस्थेच्या देण्याला प्रत्येक भागीदार वैयक्तिकरीत्याही बांधील असतो. महाराष्ट्राने १९८४ मध्ये हे कलम आणखी कडक करून नोंदणी नसलेल्या संस्थेच्या भागीदारांना आपसातला हिशेब मागणेही जवळजवळ अशक्य केले होते. ती दुरुस्ती सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये घटनाबाह्य ठरवली. केवळ नोंदणी नाही म्हणून माणसाचा हक्कच पुसून टाकणे न्यायालयाला तेव्हा पटले नाही.

तेव्हा ‘दावा होतो का’ याची चिंता नको. चिंता असावी ती ‘कधीपर्यंत होतो’ याची. १९६३ च्या मुदत कायद्यात करारभंगाच्या भरपाईसाठी तीन वर्षे आहेत, आणि ती मोजायची करार मोडला त्या दिवसापासून. दुसऱ्या बाजूने धंद्याची नोंदणी केली आहे की नाही, याने त्यात एका दिवसाचाही फरक पडत नाही. ग्राहक आयोगात जायचे तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारीचे कारण घडल्यापासून दोनच वर्षे दिली आहेत. समजा, जानेवारी २०२३ मध्ये स्वयंपाकघराच्या कामासाठी सव्वा लाख रुपये दिले आणि काम ३१ मार्च २०२३ पर्यंत पुरे करण्याचे लेखी ठरले. काम झालेच नाही, तर ग्राहक आयोगाची वाट मार्च २०२५ अखेर आणि दिवाणी न्यायालयाची मार्च २०२६ अखेर बंद होऊ लागते. आयोग उशिराचे सबळ कारण पटले तर तक्रार घेऊ शकतो. दिवाणी दाव्यात तशी माफी नाही. प्रतिवादीने मुदतीचा मुद्दा काढला नाही तरी मुदतबाह्य दावा फेटाळणे न्यायालयावर बंधनकारक आहे.

या दोन-तीन वर्षांचा मोठा भाग हेलपाट्यांत जातो, आणि बहुतेकांची फसगत इथेच होते. वकिलाची नोटीस पाठवली, पोलिसांत अर्ज दिला, समेटाची बोलणी चालू आहेत, यातल्या कशानेही मुदत थांबत नाही. ‘पुढच्या महिन्यात नक्की देतो’ हे फोनवरचे आश्वासनही तिला अडवत नाही. अडवते ती लेखी कबुली. मुदत संपण्याआधी समोरच्याने देणे मान्य करून खाली सही केली, तर मुदत कायद्याच्या कलम १८ नुसार त्या तारखेपासून नवी मुदत मोजली जाते. वरच्या उदाहरणात त्याने १० फेब्रुवारी २०२५ ला ‘तुमचे सव्वा लाख माझ्याकडे आहेत’ असे सहीनिशी लिहून दिले, तर दिवाणी दाव्याला फेब्रुवारी २०२८ पर्यंत वेळ मिळतो. मुदतीत आलेल्या अंशतः परतफेडीनेही असेच होते, पण तिची नोंद देणाऱ्याच्या हस्ताक्षरात किंवा सहीनिशी हवी. साध्या कागदावरच्या चार ओळी मागायला आपल्याकडे माणसे संकोचतात. तो संकोच सोडलाच पाहिजे.

यावर पहिला आक्षेप असा, की मालकाचे खरे नावच माहीत नसेल तर प्रतिवादी कुणाला करायचे? अडचण खरी आहे, पण दिवाणी प्रक्रिया संहितेने तिची सोय केली आहे. आदेश ३० प्रमाणे भागीदारांवर संस्थेच्या नावाने दावा लावता येतो, आणि दुसऱ्या नावाने धंदा करणाऱ्या एकट्या माणसावर त्या धंद्याच्या नावानेही. भागीदार कोण, हे उघड करायला लावण्यासाठी न्यायालयाकडे अर्जही करता येतो. शिवाय यूपीआयने पैसे दिले असतील तर बँकेच्या नोंदीत खातेदाराचे नाव बहुधा सापडते. मात्र मूळ दाव्यात राहून गेलेला माणूस नंतर सामील केला, तर त्याच्यापुरता दावा सामील केल्याच्या दिवशीच लावला असे धरतात. प्रामाणिक चुकीने नाव राहिले, हे न्यायालयाला पटवता आले तरच आधीची तारीख मिळते. मुदतीच्या शेवटच्या आठवड्यात धावणाऱ्याला हा नियम फार जाचतो, म्हणून नावाचा शोध पहिल्याच महिन्यात सुरू व्हायला हवा.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. जो धंदा मुद्दाम कागदाबाहेर राहतो, पावती देत नाही, पत्ता बदलतो, त्याला तीन वर्षांत मोकळे सोडणे अन्यायाचे नाही का? म्हणून अशांविरुद्ध मुदत वाढवावी, असे सुचवले जाते. मला ते पटत नाही. नोंदणी नसलेल्यांत लबाड थोडे आणि खाणावळवाल्या, शिलाईकाम करणाऱ्या बाया, सुतार, प्लंबर अधिक. दहा वर्षांपूर्वीच्या तोंडी व्यवहाराचा पुरावा त्यांनी कुठून आणायचा? मुद्दाम लपवाछपवी करणाऱ्यासाठी मुदत कायद्याचे कलम १७ आहेच. फसवणूक उघडकीस आली, किंवा वाजवी दक्षता घेतली असती तर जेव्हा कळली असती, तेव्हापासून मुदत सुरू होते. पावती न देणे ही तर ग्राहक कायद्याने अनुचित व्यापारी प्रथाच ठरवली आहे. कायदा वाढवण्यापेक्षा या दोन तरतुदी लोकांपर्यंत पोहोचवणे मला जास्त निकडीचे वाटते.

समोरच्याने परतफेडीचा चेक दिला आणि तो वटला नाही, तर दिवाणी दाव्याखेरीज फौजदारी तक्रारीची वाटही खुली होते. तिथे मोजणी दिवसांची असते. बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते, ती मिळाल्यावर समोरच्याला पैसे देण्यास १५ दिवस मिळतात, आणि ते उलटल्यावर एका महिन्यात तक्रार दाखल करावी लागते.